रिकामे खण

८ जानेवारी, बुधवार

क्लास सुरू झाला. वय वर्षं शेहेचाळीस, आणि बाकावर बसून "हा पेला आहे, ही खिडकी आहे" म्हणतेय. तेही चुकीचं.

ही वही शब्द लिहायला घेतली होती. पहिल्याच दिवशी शब्द सहा आणि चडफडाट पानभर, म्हणून वही उलटी करून मागच्या बाजूने दैनंदिनी सुरू केली. कारणही लिहून ठेवते, म्हणजे क्लास सोडावासा वाटला की वाचता येईल. नोव्हेंबरात संस्थेचं पत्र आलं. मी पावणेतीन वर्षांची असताना ज्या संस्थेने मला आई-बाबांच्या हवाली केलं, तीच परदेशातली संस्था. माझी जन्मदाती सापडली. हयात आहे. वय बहात्तर. तिकडे डोंगरातल्या गावात राहते. २३ मार्चला ती खाली त्यांच्या कचेरीत येणार आणि तासभर व्हिडिओ कॉल होणार. तिला तिच्या भाषेशिवाय काही येत नाही आणि मला ती भाषा येत नाही. दुभाष्या देतो म्हणाले. मी नको म्हणून कळवलं.

मला तिला एकच विचारायचंय. मला का दिलंत? हा प्रश्न दुसऱ्या कुणाच्या तोंडून विचारायचा नाही. बस्स.

आईला पत्र दाखवलं तेव्हा तिने चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि म्हणाली, "अक्षर किती बारीक छापतात." मग उठून कपाट आवरायला घेतलं.

११ जानेवारी, शनिवार

क्लास म्हणजे एका लाँड्रीच्या वरची खोली. खालून इस्त्रीची वाफ येते. आम्ही तिघं: मी, तिकडच्या हॉस्पिटलात नोकरी लागलेली एक नर्स, आणि कंपनीने पाठवायचं ठरवलेला एक गृहस्थ, जो शनिवारीसुद्धा टाय लावून येतो. शिकवणारे मूळचे तिकडचे. तीस वर्षं इथे आहेत, मराठी फाडफाड बोलतात. आम्ही मास्तरच म्हणतो.

आज पाऊण तास एका 'त'वर गेला. त्यांच्या भाषेत तीन त आहेत. एक साधा, एक गळा आवळून सोडलेला, एक आत ओढून घेतलेला. मास्तरांनी कागदाच्या पातळ पट्ट्या वाटल्या. पट्टी ओठांसमोर धरायची आणि कोणत्या त ला ती किती हलते ते बघायचं. फळ्यावर त लिहून खाली एक टिंब, दोन टिंबं, तीन टिंबं. मग त्यांनी हजेरीपटाआड तोंड लपवून शब्द म्हटले आणि कुठला त ते ओळखायला सांगितलं. नर्स चुकली. टायवाला तर म्हणतो, "सर, तुम्ही एकच शब्द तीनदा म्हणताय." नाटकी मेला. लहान पोरही सांगेल इतके ते वेगळे आहेत. माझे सगळे बरोबर आले, पण कौतुक करून घ्यायला मी आले नाही. ७१ दिवस उरलेत. मला शब्द द्या.

१८ जानेवारी, शनिवार

शब्द राहतच नाहीत. सकाळी पाठ केलेला दुपारी गायब. टायवाल्याला नव्वद शब्द येतात, काल-आज-उद्या करून वाक्यं बनवतो. त्याचे तिन्ही त सारखे, पण मास्तरांना समजतंय ना! माझे बावीस शब्द. ते मी म्हणते तेव्हा मास्तर खडू खाली ठेवून ऐकत राहतात, याचा अर्थ मी फार सावकाश बोलते.

आज म्हणाले, "तुमचा कान कुठे तयार झाला?" मी सांगितलं, टाइलच्या कारखान्यात. एकोणीस वर्षं शेवटच्या तपासणीला आहे. हातोडीच्या लाकडी मुठीने टाइल ठोकायची. चांगली असेल तर खणखणते. आत बारीक तडा असेल तर बद्द वाजते. डोळ्याला दिसत नाही, पण कान फसत नाही. यात विशेष काही नाही.

"हं," म्हणाले. त्यांना पटलं नाही बहुतेक.

२२ जानेवारी, बुधवार

आज डोक्यात तिडीक गेली.

मास्तरांनी इतरांना लवकर सोडलं आणि मला हेडफोन लावून बसवलं. कुठल्याशा बाईच्या आवाजातले तीस आवाज, नुसते अक्षरांचे तुकडे, अर्थ काहीच नाही. कुठला त ते लिहायचं. तीसपैकी तीस. मास्तरांनी परत लावलं. परत तीस.

मग त्यांनी विचारलं, "तुम्ही इकडे आलात तेव्हा केवढ्या होतात?"

"पावणेतीन वर्षांची. फॉर्मवर लिहिलंय की."

ते खुर्ची ओढून समोर बसले. म्हणाले, "कान सगळ्यांचा सारखाच. तान्ह्या बाळाला जगातल्या सगळ्या भाषांचे आवाज वेगवेगळे ऐकू येतात. पण वर्षभरात त्याच्या डोक्यात त्याची भाषा खण पाडते. हा आवाज या खणात, तो त्या खणात. ज्या फरकाला खण नाही, तो फरक मग ऐकू येणं बंद होतं. कानाला येतो, पण माणसाला येत नाही. टायवाल्यांच्या डोक्यात त चा एकच खण आहे. तिन्ही त त्यातच पडतात. त्यांची चूक नाही."

मी म्हटलं, मग?

"मग तुम्ही म्हणा, चमचा. आता म्हणा, चहा. दोन्ही च वेगळे आहेत म्हणतात. तीस वर्षं झाली. मला अजून एकच ऐकू येतो. तुम्हा लोकांना कुणी शिकवलं नाही, लिहिताना एकच अक्षर, आणि तरी एकजणही चुकत नाही. मी मात्र दर वेळी चहातलाच च चमच्याला लावतो आणि दुकानदार हसतात."

खरंच लावतात. मला वाटायचं, लाडाने बोलतात.

"तुमच्याकडे आमचे तिन्ही खण आहेत," म्हणाले. "एकोणीस वर्षांत नाही झाले ते. पावणेतीन वर्षांत झाले. कुणीतरी तुमच्याशी खूप बोललं होतं."

शेवटचं वाक्य मला आवडलं नाही. इतकं बोलत होती तर दिलं कशाला? आणि खण आहेत तर आत काही का नाही? रिकाम्या खणांचं मी काय करू, त्यात हात घालून बसू? मी त्यांना तसंच सुनावलं. ते म्हणाले, "सामान आणता येतं. खण करणं अवघड." शिकवणाऱ्यांना असं बोलणं सोपं असतं.

आईला हे सांगितलं नाही. उगाच.

२ फेब्रुवारी, रविवार

मास्तर आता रविवारी घरी येतात, जादा तासाला. पहिल्याच दिवशी आईने उच्छाद मांडला. मी रेकॉर्डिंग लावलं की हिला खोकला. मी वाक्य म्हणायला लागले की, "अगं, गॅस बंद केलास का?" गॅस तिनेच बंद केला होता. मास्तर तिच्याशी इतके गोड बोलतात की मला माझ्याच घरात परकं वाटलं.

९ फेब्रुवारी, रविवार

आज आईने तास चालू असताना मला बिस्किटं आणायला पाठवलं. घरात बिस्किटांचा अख्खा पुडा होता! "त्यांना दुसरी आवडतात," म्हणे. हिला काय माहीत त्यांना काय आवडतं? परत आले तर दोघं टेबलाशी डोकं खाली घालून बसलेली. मला बघताच आईने हात मांडीखाली घेतला आणि हवेबद्दल बोलायला लागली. मास्तरही हवेबद्दल. माझी तक्रार करत असणार: हिला जमणार नाही, हिचं मन वळवा.

वीस मिनिटं वाया गेली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातून तडे गेलेला माल पुढे गेला. एक नाही, अख्खी खेप. मी टाइल ठोकत मनात क्रियापदं म्हणत होते. जातो, जाते, जातात. टाइल काय म्हणत होती ते ऐकलंच नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, बरं नाही का?" ओरडले असते तर बरं झालं असतं.

क्लासला गेले. क्रियापदंही चुकली. टायवाल्याने मला मदत केली. मला! मास्तर त्याला म्हणाले, "तुमचं वाक्य बरोबर, पण तिकडचा माणूस तीनदा विचारेल काय म्हणालात. यांचं वाक्य चूक, पण तिकडचा माणूस मागे वळून बघेल." टायवाला हसला. मला हसू आलं नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आईशी भांडले. सकाळपासून ती न्हाणीघरात दार लावून काहीतरी पुटपुटते. देवाचं म्हणत असेल, म्हणू दे, पण माझी कामाला जायची वेळ आणि आत ही पाऊण तास. मी दार वाजवून म्हटलं, "तुला नकोच आहे मी तिच्याशी बोलायला. सरळ सांग ना. खोकला काय, बिस्किटं काय!"

दार उघडून बाहेर आली. रागावली नव्हती, हे जास्त वाईट. म्हणाली, "तू आलीस तेव्हा सात महिने एक शब्द बोलली नव्हतीस. लोक म्हणाले, मुकी आहे, परत करा. मी रोज एकेक वस्तू हातात धरून तुझ्यासमोर बसायचे. वाटी. कंगवा. चप्पल. सात महिने. मग एक दिवस तू म्हणालीस, चमचा. अगदी स्वच्छ. मी चमचा घेऊन शेजाऱ्यांकडे धावले होते. तेव्हा मला कधी वाटलंच नाही गं, की त्याआधी तुला दुसरं काही येत असेल. मी आपली समजत होते, पाटी कोरी आहे."

मी पिशवी उचलून निघाले. आधीच उशीर झाला होता. बसमध्ये फार रडू आलं, पण ते कामाच्या काळजीने असेल.

५ मार्च, बुधवार

प्रश्न पाठ झाला. चार शब्द, त्यात दोन त, एक दोन टिंबांचा आणि एक तीन टिंबांचा. झोपेतून उठवलं तरी म्हणेन. मी मास्तरांना म्हणून दाखवला. ते म्हणाले, "प्रश्न पाठ झाला. उत्तर कुठून पाठ करणार?"

इतके दिवस हे मला सुचलंच नव्हतं, यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. मी आपली प्रश्न घासत बसले.

म्हणाले, अजून दुभाष्या घेता येईल, हवं तर मीच बसेन. मी नाही म्हटलं. का, ते मलाही नीट सांगता येत नाही. हट्ट म्हणा. मग म्हणाले, निदान कॉल रेकॉर्ड करून ठेवा. ते मान्य केलं.

१५ मार्च, शनिवार

एकशे चाळीस शब्द. एकशे चाळीसपैकी आज नव्वद आठवले. लावा हिशोब.

पट्ट्या सापडत नव्हत्या. सगळं घर उलटंपालटं केलं, तर आईच्या चष्म्याच्या डबीत, घडी घालून, चार. तिला काचा पुसायला मऊ कागद लागतो हे कळतं, पण माझ्याच पट्ट्या? त्या ओठांच्या ओलाव्याने चुरगळल्याही होत्या. मी काही न बोलता दोन घेतल्या, दोन तिथेच ठेवल्या.

२२ मार्च, शनिवार

उद्या सकाळी दहाला. आई म्हणते, "मी आतल्या खोलीत बसते." मी म्हटलं, बस. मग म्हणाली, "की बाहेर बसू?" मी म्हटलं, आई, काय करायचं ते कर, मला आत्ता काही सुचत नाहीये.

२३ मार्च, रविवार

जसं झालं तसं लिहून काढते.

दहा वाजून चार मिनिटांनी पडद्यावर ती आली. लहानशी बाई, केस घट्ट बांधलेले, कचेरीची खुर्ची तिला मोठी होत होती. बाजूला संस्थेची मुलगी. मी नमस्कार म्हटला, तो बरोबर आला. तिने तोंडावर हात ठेवला. माझं नाक तिच्याकडून आलंय. हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं.

मी वाट बघितली नाही. थांबले असते तर विसरले असते. प्रश्न विचारला. चारही शब्द, दोन्ही त, जिथल्या तिथे.

आणि ती बोलायला लागली.

मी टायवाल्यासारखं विचारलं असतं, तर ती हळू बोलली असती, हातवारे केले असते. परक्याशी बोलतात तसं. पण माझा प्रश्न तिला तिच्या गल्लीतला वाटला. म्हणून ती तसंच बोलली, भरभर, मध्ये रडत, मध्ये बोट दाखवत, मध्ये कुणाचा तरी आवाज काढून. प्रत्येक आवाज मला वेगळा ऐकू येत होता. तिन्ही त. श्वास कुठे घेतला तेसुद्धा. अर्थ एका शब्दाचाही नाही. नाही, पाचांचा: पाणी, रस्ता, भाऊ, हात, नाही. घड्याळ बघितलं, अकरा मिनिटं. त्रेचाळीस वर्षं जे विचारायचं होतं, त्याचं उत्तर माझ्या कानावरून चाललं होतं आणि मी मान हलवत होते.

मग ती थांबली. तिने काहीतरी विचारलं. मी गप्प. पुन्हा विचारलं. माझे एकशे चाळीस शब्द कुठे गेले कुणास ठाऊक. तिचा चेहरा हळूहळू पडला. संस्थेच्या मुलीने मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, "त्या म्हणतात, तुम्हाला सगळं कळतं, पण तुम्ही रागावला आहात म्हणून बोलत नाही. त्या म्हणतात, बरोबर आहे तुमचं."

माझा आवाज नीट होता, म्हणून तिला वाटलं की मी मुद्दाम बोलत नाहीये! मी "नाही, नाही" म्हणत राहिले, त्या भाषेत, अगदी शुद्ध. तिने मान खाली घातली. इतकं हतबल मला कधी वाटलं नव्हतं. पडद्यावर हात मारावासा वाटला.

तेवढ्यात मागून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. आई माझ्या शेजारी येऊन बसली. ठेवणीतले कपडे घातले होते तिने, ते मी सकाळपासून पाहिलेच नव्हते. हातात कागदाचा चिठोरा. तिने चष्मा सारखा केला, पडद्याकडे बघून नमस्कार केला आणि त्या भाषेत एक वाक्य म्हटलं.

तिन्ही त एकच. सगळं सपाट. समोरच्या बाईला काही कळलं नाही. आईने परत म्हटलं, मोठ्याने, जसं बहिऱ्याशी बोलतात. परत नाही. तिसऱ्यांदा म्हणताना तिने चिठोरा डोळ्यांजवळ नेला.

मी तिच्या हातातला चिठोरा घेतला. मास्तरांचं अक्षर. प्रत्येक त खाली टिंबं: एक, तीन, दोन, एक. वाक्यातला एकच शब्द मला माहीत होता, 'लेक'. बाकीचे शिकवलेलेच नव्हते. पण टिंबं कळत होती. मी वाचलं.

पलीकडे ती खुर्चीत पुढे सरकली. मग सावकाश, शब्द न् शब्द, तेच वाक्य तिने स्वतःशी म्हटलं. आणि आईकडे बघितलं. माझ्याकडे नाही, आईकडे. दोन्ही हात जोडून कपाळाला लावले.

मी आईला विचारलं, "काय म्हणाले मी?"

आई म्हणाली, "तुमची लेक मी नीट सांभाळली."

नंतर मी संस्थेच्या मुलीला सांगितलं, त्यांना सांगा, रागावले नाहीये, मला येत नाही. आईने इकडे आणलं तेव्हा विसरले सगळं. तिने सांगितलं. ते ऐकून त्या बाईने टेबलावरचा पेला उचलून पडद्यासमोर धरला आणि एक शब्द म्हणाली. मी तो म्हटला. मग किल्ली. मग चप्पल काढून हातात घेतली, कचेरीत! आई तोंडावर हात ठेवून हसायला लागली, "असंच. मीपण असंच." उरलेला वेळ आम्ही तेच केलं. आई प्रत्येक शब्द चुकत होती आणि मी तिला दुरुस्त करत होते, आणि ती पलीकडून आम्हा दोघींना.

बिस्किटांचं आत्ता कळलं. पट्ट्यांचंही. मी किती मठ्ठ आहे, ते इथे लिहून ठेवते.

२६ मार्च, बुधवार

मास्तर म्हणाले, अकरा मिनिटांचं भाषांतर तासाभरात करून देतो. मी नको म्हटलं. त्यांनी हात टेकले. नर्स म्हणाली, मी तुमच्या जागी असते तर थांबूच शकले नसते. माझाही जीव वरखाली होतोच. पण तिने मला सांगितलंय, मास्तरांना नाही. किती महिने लागायचे ते लागोत. आज सहावा शब्द ओळखला: 'ताप'. कुणाला आला होता, मला की आणखी कुणाला, ते पुढच्या शब्दावर अवलंबून आहे, आणि पुढचा शब्द येत नाही. चिडचिड तीच, जागेवरच आहे.

संध्याकाळी आईने रेकॉर्डिंगचा अकरा मिनिटांनंतरचा भाग लावायला सांगितला. तिचं वाक्य तिला ऐकायचं होतं. तिघींच्या तोंडून ते आहे: आधी आईचं तीनदा, मग माझं, मग तिचं. आईचं ओळखायला काही अडचण नव्हती. पुढचे दोन झाल्यावर आईने विचारलं, "यातली तू कुठली?"

ही बाई त्रेचाळीस वर्षं माझा आवाज ऐकतेय. फोनवर नुसतं शिंकले तरी ओळखते.

"पहिली," मी म्हटलं. मग खात्री करायला परत लावलं.